मेळघाटच्या वर्गासाठी पाठ रचताना

अचलपूर



पाठ्यसाहित्याचे रूपांतर आणि भाषांतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषांतरात शब्द बदलतात. रूपांतरात धड्यातली संकल्पना तीच राहते, पण ती समजावणारा अनुभव मुलांच्या ओळखीचा होतो. अचलपूर-परतवाड्याहून घाट चढला की मेळघाट लागतो. चिखलदरा आणि धारणी तालुक्यांतल्या कितीतरी गावांत मुले घरी कोरकू बोलतात आणि शाळेत त्यांच्या हाती मराठी पुस्तक येते.

या मुलांसाठी धड्याचे रूपांतर करताना पहिले काम भाषेची घडण ओळखण्याचे. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. संथाळी व मुंडारी तिच्या बहिणी. मराठीत तीन लिंगे आहेत, तर कोरकूत नामांचे मुख्य भेद सजीव आणि निर्जीव हे. मराठीत दोन वचने, कोरकूत द्विवचन धरून तीन. त्यामुळे ‘गाय आला’ म्हणणारे मूल मंद ठरत नाही; नव्या भाषेचा नियम त्याच्या कानावर अजून पुरेसा पडलेला नसतो. अशा वर्गात लिंगभेदाचा सराव आधी गोष्टी-गाण्यांतून तोंडी घ्यावा, वहीत मागाहून.

दुसरे काम उदाहरणांचे. पारंपरिक कोरकू गावात सरळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरांच्या ओळी समोरासमोर असतात. समांतर रेषांसाठी याहून चांगली आकृती शोधावी लागत नाही. ओली मोहफुले वाळली की वजन किती घटते, यातून वजाबाकी शिकवता येते. कुटकीचे धान्य मोजताना मापे कळतात. गणित कठीण वा सोपे करायचे नसते, फक्त त्यातली वस्तू परकी नसावी.

तिसरे काम सन्मानाचे. चित्रात आदिवासी माणूस नेहमी नाचतानाच दिसला, तर मुले स्वतःविषयी अपुरे शिकतात. शेतकरी, शिक्षिका, परिचारिका अशा रूपांत कोरकू माणसे पुस्तकात यावीत. सण आणि देवतांचा मजकूर गावातल्या जाणत्यांना वाचून दाखवावा, मगच छापावा. तयार धडा आधी एका वर्गात शिकवून पाहावा. मुले जिथे अडली तिथे तो बदलावा.

मात्र रूपांतराने मुलांना घाटातच अडवून ठेवू नये. कोरकू देवनागरीत लिहिता येते, म्हणून तीच अक्षरे पुढे मराठी वाचायलाही उपयोगी पडतात. कोरकूतून सुरुवात आणि टप्प्याटप्प्याने मराठी, हा क्रम हिताचा. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे संविधानाचा अनुच्छेद 350-क सांगतो. तो 1956 च्या सातव्या दुरुस्तीने आला.

मेळघाट ज्या अमरावती जिल्ह्यात आहे, महानुभाव पंथाचे रिद्धपूरही त्याच जिल्ह्यातले. संस्कृत न जाणणाऱ्या साध्या बायाबापड्या ज्ञानाला मुकू नयेत, म्हणून या पंथाचे आचार्य नागदेव यांनी पंथाचे लेखन मराठीत व्हावे असा आग्रह धरला होता. मराठीला तेव्हा मिळालेला न्याय आज मराठी शिक्षकाने कोरकूला द्यावा.

तुझा मामा