विद्यापीठीय शैक्षणिक सेवा आणि ज्ञानव्यवस्थापन

सुरतेतील डिंडोली, उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून उपजीविकेसाठी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तेथील विद्यार्थ्यास बारावीनंतर सुरतेचे वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ जवळचे असते. नातलगांच्या आधारामुळे जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ (स्थापना १९९०) सोयीचे ठरू शकते. राज्य बदलले की पात्रता, समकक्षता व स्थलांतर प्रमाणपत्र यांचे प्रश्न उद्भवतात.

नियम छापलेले असतात. परंतु वेगळ्या प्रकरणात ते कसे लावावयाचे, हे बहुधा अनुभवी कर्मचाऱ्यासच ठाऊक असते. तो निवृत्त झाला की ते ज्ञानही कार्यालयाबाहेर जाते व विद्यार्थ्यास हेलपाटे पडतात. नोनाका व ताकेउची या जपानी अभ्यासकांनी १९९५ साली आपल्या ग्रंथात अशा अनुभवजन्य ज्ञानाला शब्दरूप देण्यावर भर दिला.

यावरील उपाय खर्चिक नाही. प्रत्येक निर्णीत प्रकरणाचा प्रश्न, लागू नियम, निर्णय व कारण यांची नोंद विद्यार्थ्याचे नाव वगळून ठेवावी. तिची विषयवार सूची करावी. नियम बदलताच जुनी नोंद रद्द दर्शवावी. २०२१ साली सुरू झालेल्या ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये विद्यार्थ्याने मिळविलेल्या श्रेयांकांची नोंद राहते, निर्णयांमागील कारणांची स्मृती मात्र विद्यापीठानेच जतन करावयाची आहे. प्रवेशाच्या मुदतीपूर्वी मिळालेले अचूक उत्तर म्हणजे विद्यार्थ्याचे वाचलेले एक वर्ष होय.