फुकटचे प्यादे

बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरे असतात. उभ्या ओळींना ए ते एच अक्षरे आणि आडव्या ओळींना १ ते ८ आकडे. म्हणून प्रत्येक घराला नाव असते.

पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे चालवले की ते डी-४ वर येते. (आमचे आजोबा देशी खेळतात, त्यात प्यादे एकच घर जाते.) काळा डी-५ करतो. मग पांढरा सी-४ वर दुसरे प्यादे ठेवतो, घे म्हणून! याला क्वीन्स गॅम्बिट म्हणतात. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्याच्या पहिल्या डावात तिने हेच प्यादे दिले आणि कोनेरू हंपीने घेतले. तो डाव बरोबरीत सुटला.

आम्ही पेणहून एस.टी.ने रोह्याला स्पर्धेला गेलो. मला पांढरी मोहरी आली. समोर सातवीतला मुलगा. मी सी-४ केल्यावर माझ्या मित्राने लांबून कपाळाला हात लावला. त्या मुलाने प्यादे लगेच मारले.

आता पट घेऊन बसा. (शाळेच्या संचात एक घोडा शाडूचा आहे, तो काळा समजावा.) मी ई-३ केले. माझ्या उंटाची वाट उघडली आणि त्याचा डोळा सी-४ वर गेला. ते प्यादे राखायला काळ्याने बी-५ केले. मी ए-४. त्याने सी-६ ने जोर दिला. मी बी-५ वर मारले, त्यानेही तिथेच मारले. आणि ए-८ च्या हत्तीपुढची तिरपी वाट मोकळी झाली! बी-७, सी-६, डी-५, ई-४ सगळी घरे रिकामी. मी वजीर एफ-३ वर ठेवला. हत्तीला हलायला जागाच नाही, पुढे त्याचेच प्यादे, बाजूला त्याचाच घोडा.

तो गालाला हात लावून खूप वेळ बसला. मग घोडा सी-६ वर मधे घातला. मी तो वजिराने मारून शह दिला. त्याने उंट डी-७ वर आणून वजिराला हुसकले, पण घोडा गेला तो गेलाच. माझे एक प्यादे कमी होते, पण घोडा तीन प्याद्यांच्या किमतीचा असतो. डाव मी जिंकलो.

नंतर तो म्हणाला, "परत मांड ना." ओट्यावर मांडला. गुरुजींनी सांगितले, बी-५ करू नकोस, घोडा एफ-६ वर काढ, ते प्यादे जाऊ दे. तसे खेळल्यावर काळ्याला काहीच अडचण आली नाही, आणि तो डाव त्यानेच मारला.

— इयत्ता चौथी