कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याचे मापन : औषधालये व चिकित्सालयांसाठी एक अभ्यास

प्रास्ताविक

अंधेरीचे सीप्झ, मरोळची औद्योगिक वसाहत, मुलुंड-घाटकोपर पट्ट्यातील कार्यालये येथे काम करणारे अनेक रुग्ण अनिद्रा, अम्लपित्त, शिरःशूल अशा तक्रारी घेऊन आपल्याकडे येतात. त्यांच्या कामाचे तास, रात्रपाळी, लोकलचा प्रवास यांची चौकशी आपण हेतू म्हणून करतो. तीच चौकशी आपल्या औषधालयात दिवसभर उभे राहणाऱ्या कर्मचाऱ्याविषयी मात्र क्वचितच होते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) प्रौढांमधील मानसिक विकारांचे प्रमाण १०.६ टक्के, तर महानगरांत १३.५ टक्के आढळले. जुलै २०२४ मध्ये पुण्यातील एका तरुण सनदी लेखापाल महिलेचा मृत्यू झाला. तिच्या आईने कंपनीस लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाल्यावर कामाच्या ताणाचा प्रश्न देशभर चर्चिला गेला व राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्याची स्वतःहून दखल घेतली. लहान आस्थापनाही या प्रश्नापासून दूर नाहीत.

शास्त्रीय आधार

सुश्रुताचार्यांनी स्वस्थाच्या लक्षणांत दोष, अग्नि, धातू व मलक्रिया यांच्या साम्याबरोबरच आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नता सांगितली आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात (अध्याय ४) मनोभाव अनुमानाने जाणावेत असे सांगून क्रोध द्रोहावरून, शोक दैन्यावरून, भय विषादावरून ओळखण्याची रीत दिली आहे. त्याच स्थानाच्या आठव्या अध्यायात सत्त्वपरीक्षेने प्रवर, मध्यम व अवर असे तीन भेद केले आहेत. परंतु सत्त्व व्यक्तीचे बल दाखविते; त्यावर पडणारा कामाचा भार दाखवीत नाही. म्हणून दोहोंची नोंद स्वतंत्रपणे व्हावयास हवी.

मापनाचे साधन

जागतिक आरोग्य संघटनेची १९९८ पासून प्रचारात असलेली पाच विधानांची प्रश्नावली (डब्ल्यूएचओ-५) लहान आस्थापनांस सोयीची आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन आनंदी होते का, शांत होते का, उत्साह वाटला का, झोपेतून उठल्यावर ताजेतवाने वाटले का आणि दैनंदिन जीवनात रस वाटला का, एवढेच तीत विचारले जाते. प्रत्येकास ० ते ५ गुण असून बेरजेला ४ ने गुणल्यास ० ते १०० असा अंक मिळतो.

उदाहरणार्थ, ३, २, २, १ व ३ असे गुण आल्यास बेरीज ११ व अंक ४४ होतो. ५० किंवा त्याहून कमी अंक आल्यास पुढील तपासणी आवश्यक समजावी. हा अंक म्हणजे निदान नव्हे. त्यावरून ‘अवसाद’ असे लिहून औषध देणे सर्वथा अयोग्य होय.

विषादाच्या तपासणीसाठी वापरली जाणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली (पीएचक्यू-९) निनावी पाहणीत वापरू नये. तिचा नववा प्रश्न स्वतःस इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर होकारार्थी आले आणि ते कोणाचे हे ठाऊक नसेल, तर साहाय्य कोणास करणार? ही प्रश्नावली चिकित्सकाने समक्ष, एकांतातच वापरावी.

लहान आस्थापनांतील अडचण

चार-पाच माणसांच्या दुकानात नाव न लिहिताही हस्ताक्षरावरून माणूस ओळखू येतो. नोकरी जाण्याच्या भयाने सर्वजण ‘उत्तम’ असेच लिहितात व मापन निरर्थक ठरते. यावर व्यवहार्य उपाय असा :

१. एका उपनगरातील पाच-सहा औषधालयांनी मिळून पाहणी करावी. उत्तरे लिहून न घेता केवळ खुणा करावयास सांगाव्यात.

२. बंद पाकिटे यांपैकी कोणाकडेही मालक नसलेल्या वैद्याने उघडावीत. दहापेक्षा कमी व्यक्तींच्या गटाचा निष्कर्ष कोणासही देऊ नये.

३. सहभाग ऐच्छिक असावा. कागदावर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक छापावा, म्हणजे मालकास न कळविताही मदत मिळेल.

४. दिवाळीपूर्वीची गर्दी किंवा पावसाळ्यातील तापाची साथ चालू असताना एकदाच मोजून निष्कर्ष काढू नये. तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे.

मालकच चिकित्सक असेल तर अधिक सावधगिरी हवी. कर्मचाऱ्याने रुग्ण म्हणून सांगितलेली गोष्ट रजा, बढती वा पगार ठरविताना वापरणे हा वैद्यधर्माचा भंग आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नेही मानसिक आजाराच्या उपचारातील माहितीच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे.

मापनानंतर काय?

कमी अंक दिसताच सर्वांस ब्राह्मी वा अश्वगंधा देण्याचा मोह आपल्या व्यवसायात स्वाभाविक आहे. तथापि निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी होय. म्हणून प्रश्नावलीसोबत कामाविषयीही विचारावे : साप्ताहिक सुट्टी खरोखर मिळते का, जेवणास सलग वेळ मिळतो का, बसावयास स्टूल आहे का, रात्री दुकान बंद झाल्यावर बोरिवली वा बदलापूरची गाडी मिळते का, ग्राहक अंगावर आल्यास मालक पाठीशी उभा राहतो का.

जेथे आधुनिक औषधेही विकली जातात, तेथे १९४५ च्या औषध नियमावलीतील नियम ६५ नुसार चिठ्ठीवरील औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावी लागतात. दुकानात एकच फार्मासिस्ट असल्यास त्याचा डबा काउंटरवरच अर्धवट राहतो. येथे दोष त्याच्या सत्त्वाचा नसून कामाच्या रचनेचा आहे. दुपारी अर्धा तास चिठ्ठीवरील औषधांची विक्री थांबविणे किंवा अर्धवेळ दुसरा फार्मासिस्ट ठेवणे, हाच त्यावरील उपाय.

निष्कर्ष

जो मालक कामाची वेळ वा रचना बदलावयास तयार नाही, त्याने मापन करू नये. कारण विचारून काहीच न केल्यास उरलासुरला विश्वासही जातो. जो तयार आहे, त्याने पाहणीपूर्वीच एक बदल जाहीर करावा आणि तीन महिन्यांनी गटाचा अंक पुन्हा पाहावा. सरासरी वाढली म्हणून निश्चिंत न होता, ५० वा त्याखालील अंक किती जणांचे उरले हेही तपासावे. ज्वर मोजून हेतू न शोधणाऱ्या वैद्यास आपण अपूर्ण म्हणतो. मालक म्हणूनही आपल्यास तोच निकष लागू आहे.