थायरॉइडचा एक दुर्मीळ कर्करोग : सूक्ष्मदर्शकाखालील निदान

मानेच्या पुढील बाजूस गाठ दिसू लागली की तिला सरसकट गलगंड म्हटले जाते. बहुतेक गाठी निरुपद्रवीच असतात. क्वचित मात्र ती गाठ अवटू, म्हणजेच थायरॉइड ग्रंथीच्या कर्करोगाची निघते. या कर्करोगाच्या अनेक प्रकारांपैकी 'मेड्युलरी' हा प्रकार शंभरांत पाचांहून अधिक रुग्णांत सहसा आढळत नाही. तरीही त्याची ओळख अचूक पटणे अगत्याचे आहे. कारण येथे नाव चुकले तर उपचार चुकतात आणि रुग्णाच्या मुलाबाळांना असलेला धोकाही ध्यानात येत नाही.

या ग्रंथीतील बहुसंख्य पेशी आयोडीन शोषून घेऊन संप्रेरके तयार करतात. त्यांच्या आसपास विखुरलेल्या 'सी' पेशी मात्र कॅल्सिटोनिन हे निराळेच संप्रेरक स्रवतात. मेड्युलरी कर्करोग उद्भवतो तो या पेशींतून. अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकमधील हॅझर्ड, हॉक व क्राइल यांनी १९५९ साली हा स्वतंत्र रोग असल्याचे दाखवून दिले. त्याचे मूळ 'सी' पेशींत असल्याचे १९६६ मध्ये ई. डी. विल्यम्स यांनी प्रतिपादन केले.

निदानातील खरी अडचण अशी की, हा रोग अनेक रूपे धारण करतो. त्याच्या पेशी कधी गोल, कधी बहुकोनी, तर कधी चातीसारख्या लांबट दिसतात. त्यामुळे थायरॉइडच्या अन्य कर्करोगांशी त्याची गल्लत होऊ शकते. पेशीकेंद्रातील रंगद्रव्य बारीक व जाडसर कणांचे असते. विकृतिशास्त्रज्ञ त्याला मीठ-मिरपुडीची उपमा देतात. अनेक गाठींत पेशींच्या दरम्यान अमायलॉइड नावाचा गुलाबी दिसणारा पदार्थ साचलेला असतो. निरोगी ग्रंथीतील चिकट द्रवही नेहमीच्या रंजकांनी गुलाबीच दिसतो, परंतु तो पुटिकांच्या आत असतो. काँगो रेड रंजक वापरून तोच छेद ध्रुवित प्रकाशात पाहिला असता अमायलॉइड हिरव्या सफरचंदासारखा चमकतो. हे दृश्य विलक्षण खरे. पण अमायलॉइड प्रत्येक गाठीत सापडतोच असे नाही आणि केवळ त्यावर विसंबणे उचित नव्हे. निर्णायक पुरावा मिळतो तो प्रतिपिंडांच्या साहाय्याने केलेल्या रंजनातून. या गाठीत कॅल्सिटोनिन आढळते, तर इतर थायरॉइड पेशींचे द्योतक असलेले थायरोग्लोब्युलिन आढळत नाही. बारीक सुईने काढलेल्या पेशींवरून शंका आल्यास रक्तातील कॅल्सिटोनिनही मोजले जाते.

एवढा खटाटोप कशासाठी? थायरॉइडच्या नेहमीच्या कर्करोगांत किरणोत्सर्गी आयोडीन उपयोगी पडते. 'सी' पेशी आयोडीन शोषून घेत नाहीत. त्यामुळे येथे ते निरुपयोगी ठरते. मुख्य भिस्त असते ती संपूर्ण ग्रंथी व लगतच्या लसिका ग्रंथी काढून टाकणाऱ्या शस्त्रक्रियेवर.

शिवाय सुमारे एकचतुर्थांश रुग्णांत हा रोग आनुवंशिक असतो. 'रेट' या जनुकातील दोष त्यास कारणीभूत असल्याचे १९९३ मध्ये उघडकीस आले. असा दोष असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. अशा काही कुटुंबांत अधिवृक्क ग्रंथीचीही गाठ होते. ती आधी शोधली नाही तर शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब अकस्मात वाढून प्राणावर बेतू शकते. म्हणूनच या रोगाचे निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाची जनुकीय तपासणी करण्याची शिफारस केली जाते. मुलांत दोष आढळल्यास, त्याच्या स्वरूपानुसार योग्य वयात, रोग होण्यापूर्वीच ग्रंथी काढता येते.

काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये ठेवून प्रयोगशाळेत पाठविली जाते व तिचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसविले जातात. हे ठोकळे वर्षानुवर्षे टिकतात. रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात गेल्यास लेखी अहवालाबरोबर ठोकळा व काचपट्ट्याही मागून घ्याव्यात. जुन्या निदानाविषयी शंका उद्भवल्यास त्याच ठोकळ्यातून नवा छेद घेऊन कॅल्सिटोनिनची तपासणी करता येते.