स्वतःच्या हातचा शिक्का

टपालाने आलेले पाकीट हाती पडताच आपण ते घाईघाईने उघडतो. पत्र कोणाचे आहे, आत काय मजकूर आहे, हे जाणून घेण्याची आपल्याला उत्सुकता असते. पाकिटावरील तिकिटाकडे कोणी क्षणभर पाहतो. पण त्या तिकिटावर उमटलेल्या काळ्या शिक्क्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो कधी पुसट असतो, कधी वेडावाकडा उमटलेला असतो. सुंदर तिकीट त्याने उगीच विद्रूप केले, असेही एखाद्याला वाटते. तथापि पाकिटावरील सर्वांत बोलकी खूण कोणती, असे कोणी विचारले, तर ती हा शिक्काच होय. पत्र कोणत्या गावी टपालात पडले आणि कोणत्या दिवशी पडले, हे तो सांगतो. शिवाय हे तिकीट एकदा वापरले गेले आहे, ते पुन्हा चालणार नाही, असेही तो बजावतो.

असा शिक्का मारणे हे टपालखात्याचे काम आहे. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत काही अटींवर साध्या नागरिकालाही हा अधिकार मिळू शकतो. तेथील काही तिकीटसंग्राहक आपल्या पत्रांवर आपल्याच हाताने शिक्का मारतात. ही मुभा त्यांना कशी मिळते आणि तिच्याबरोबर कोणती जबाबदारी येते, हे समजण्यासाठी प्रथम शिक्क्याचा जन्म कसा झाला, ते पाहिले पाहिजे.

शिक्का हा तिकिटाहून वयाने पुष्कळ मोठा आहे. इंग्लंडात १६६१ साली हेन्री बिशप हा टपालखात्याचा प्रमुख होता. पत्रे फार उशिरा पोचतात, टपालवाले ती वाटेत अडकवून ठेवतात, अशी लोकांची तक्रार असे. तेव्हा बिशपने एक लहानसा गोल शिक्का करवून घेतला. गोलाचे दोन भाग करून एका भागात महिना व दुसऱ्या भागात दिवस घातलेला असे. पत्र कचेरीत आले, की त्यावर त्या दिवसाचा शिक्का बसे. मग ते किती दिवस रेंगाळले, हे कोणालाही उघड दिसू लागले. म्हणजे शिक्क्याचे पहिले काम होते ते तारखेची साक्ष देण्याचे.

पुढे १८४० साली इंग्लंडातच जगातील पहिले चिकटवावयाचे टपाल तिकीट निघाले. त्याची किंमत एक पेनी होती आणि त्याचा रंग काळा होता. तिकीट आले तसा शिक्क्याला दुसरा उद्योग मिळाला. एकाने वापरलेले तिकीट सोडवून दुसऱ्याने पुन्हा लावू नये, म्हणून त्यावर खूण करणे भाग होते. या काळ्या तिकिटावर प्रथम तांबड्या शाईचा शिक्का मारीत. पण ती शाई पुसून टाकता येते, असे लवकरच आढळून आले. मग १८४१ साली तिकिटाचाच रंग बदलून तांबूस केला आणि शिक्क्याला काळी शाई आली. थोड्या पैशांच्या लोभाने माणूस काय काय युक्त्या करतो, आणि त्या रोखण्यासाठी टपालखात्याला किती सावध राहावे लागते, हे या रंगबदलावरून ध्यानी येईल.

अमेरिकेत सर्व देशासाठी टपाल तिकिटे १८४७ साली निघाली. तेथेही वापरलेल्या तिकिटांचा प्रश्न उभा राहिलाच. अनेक गावांच्या टपाल कचेऱ्यांत बाटलीच्या बुचाचा शिक्का वापरीत. बूच मऊ असते, चाकूने सहज कोरता येते आणि शाईही चांगली धरते. मग कोणी त्यावर चांदणी कोरी, कोणी फूल कोरी, कोणी नुसत्या दोन रेघा पाडी. कनेक्टिकट राज्यातील वॉटरबरी गावच्या टपाल कचेरीत जॉन हिल नावाचा एक मनुष्य या कामात विशेष वाकबगार होता. १८६९ साली 'आभारदिना'च्या सणाला त्याने बुचावर धावणारी कोंबडी कोरली. त्या सणाला अमेरिकेत टर्की पक्ष्याची मेजवानी असते. म्हणून ही कोंबडी नसून टर्कीच असावी, असेही काही जण म्हणतात. कोंबडी असो वा टर्की, तो शिक्का असलेली पाकिटे आज संग्राहकांना अत्यंत मोलाची वाटतात.

पुढे पत्रांची संख्या वाढली आणि शिक्के मारण्याचे काम यंत्रांकडे गेले. यंत्र भराभर पत्रे ओढून घेते व त्यांवर नागमोडी रेघा आणि तारीख उमटवून मोकळे होते. आज अमेरिकेतील लहान गावांची बहुतेक पत्रे दूरच्या मोठ्या केंद्रात नेतात आणि तेथे यंत्राकडून त्यांवर शिक्का पडतो. त्या शिक्क्यात नाव असते ते त्या केंद्राचे. ज्या गावी पत्र लिहिले गेले, जेथील पेटीत ते पडले, त्या गावाचे नाव पाकिटावर कोठेच उमटत नाही. एखादे पत्र यंत्रातून शिक्क्यावाचूनच निसटले, तर वाटप करणारा कर्मचारी खिशातील लेखणी काढतो आणि तिकिटावर फरकन रेघ ओढतो. टपालखात्याचे काम त्याने भागते. पण संग्राहकाच्या काळजावर मात्र ती रेघ उमटते!

या अडचणीतून वाट काढण्यासाठी काही संग्राहकांनी एका जुन्या तरतुदीचा आश्रय घेतला. पत्र पाठविणाऱ्याने स्वतःच आपल्या तिकिटांवर शिक्का मारावा, असा परवाना अमेरिकेचे टपालखाते देते. ही सोय केवळ संग्राहकांसाठी नाही. पुष्कळ पत्रे पाठविणाऱ्या संस्थांनाही ती उपयोगी पडते. परंतु संग्राहकांना तीत वेगळाच आनंद सापडला.

परवान्याची रीत तशी सोपी आहे. संग्राहक आपल्या गावच्या पोस्टमास्तरांकडे अर्ज करतो. अर्ज मंजूर झाला, की त्याला परवान्याचा क्रमांक मिळतो. मग तो स्वतःच्या खर्चाने शिक्का करवून घेतो. त्या शिक्क्यात गावाचे नाव, राज्याचे नाव आणि तारीख ही असावीच लागतात. शिवाय हा शिक्का पत्र पाठविणाऱ्याचा आहे हे सांगणारे शब्द व परवान्याचा क्रमांक हेही त्यात घालावे लागतात. टपालखात्याच्या शिक्क्याशी या शिक्क्याची गल्लत होऊ नये, हा त्यातील हेतू होय.

आता शिक्का मारण्याचे काम पाहू. संग्राहक मेजावर रबराचा मऊ तुकडा पसरतो. त्यावर पाकीट ठेवतो. शिक्क्यातील तारीख आजचीच आहे ना, हे तो पुन्हा एकदा पाहून घेतो. शाईच्या गादीवर शिक्का हलकेच टेकवून तो आधी कोऱ्या कागदावर उमटवून पाहतो. शाई जास्त झाली तर अक्षरे भरून जातात. कमी झाली तर ती अर्धवट उमटतात. मग तो शिक्का तिकिटाच्या कडेवर असा ठेवतो, की त्याचा थोडा भाग तिकिटावर व थोडा पाकिटावर यावा. तिकीट रद्द झाले हे स्पष्ट दिसले पाहिजे, आणि गाव व तारीखही वाचता आली पाहिजे. हात न हलविता तो शिक्का दाबतो आणि सरळ वर उचलतो. आपल्या गावाचे नाव स्वच्छ उमटलेले पाहून त्याला जे समाधान होते, ते सांगून समजणार नाही.

परंतु येथे काम संपत नाही. ही पत्रे त्याला रस्त्यावरील पेटीत टाकून चालत नाही. शिक्का बसलेले तिकीट पेटीत सापडले, तर ते जुनेच तिकीट पुन्हा लावले असावे, असा संशय येणे स्वाभाविक आहे. म्हणून तो ती पत्रे घेऊन टपाल कचेरीत जातो आणि तेथील कर्मचाऱ्याच्या हाती देतो. तिकिटे पुरेशा किमतीची आहेत का, तारीख त्याच दिवसाची आहे का, हे पाहून मगच पत्रे पुढे रवाना होतात.

या साऱ्या अटींत तारखेची अट सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच सर्वांत कठीण आहे. समजा, अशा एखाद्या संग्राहकाच्या गावचा स्थापनादिन आहे. आपल्या वीस मित्रांना त्या दिवसाच्या शिक्क्याची पाकिटे पाठवावी, असे त्याच्या मनात आले. सकाळपासून बसून त्याने वीस पत्ते लिहिले, वीस तिकिटे लावली आणि एकेक शिक्का जपून मारला. सर्व शिक्के अगदी मनासारखे उमटले. इतक्यात बाहेर बर्फ पडू लागले. रस्ते निसरडे झाले. जपून चालत तो टपाल कचेरीपाशी पोचला, तो दार बंद झालेले! दहा मिनिटांचाच उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडली. खिडकीपाशी बसलेला कर्मचारी त्याच्या चांगल्या ओळखीचा. "एका दिवसाने काय बिघडते? राहू द्या," असे तो कदाचित म्हणालाही असता. पाकिटे ज्या मित्रांना मिळणार, त्यांना काहीच कळले नसते. पण संग्राहकाने ती वीस पाकिटे घरीच ठेवली होती. तिकिटांचे पैसे वाया गेले होते आणि सकाळची मेहनतही फुकट गेली होती. त्याने नवी पाकिटे घेतली, पदरचे पैसे घालून नवी तिकिटे लावली आणि त्यांवर त्या दिवसाचीच, म्हणजे स्थापनादिनाच्या दुसऱ्या दिवसाची, तारीख मारली.

एवढ्याशा गोष्टीसाठी इतका काटेकोरपणा कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु टपालाच्या तारखेवर माणसे किती विसंबून असतात, ते पाहा. अमेरिकेत बहुतेक लोकांना आपल्या मिळकतीचे वार्षिक विवरणपत्र सामान्यतः १५ एप्रिलपर्यंत सरकारकडे पाठवावे लागते. ते टपालाने पाठविल्यास, पाकिटावरील टपालखात्याच्या शिक्क्याची तारीख मुदतीच्या आतील असली म्हणजे झाले. कचेरीत ते चार दिवसांनी पोचले तरी कायदा ते वेळेवर आले असे मानतो. जुन्या पत्रांवरून इतिहास लिहिणारे पंडितही मजकुराइतकाच शिक्का बारकाईने वाचतात. पत्रावर तारीख लिहावयास लेखक विसरला असला, तर शिक्का ती सांगतो. न्यायाधीशासमोर उभ्या राहिलेल्या साक्षीदाराप्रमाणे शिक्का बोलत असतो. साक्षीदार एकदा खोटे बोलला, की त्याच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

टपालखात्याच्या कर्मचाऱ्याचा शिक्का कचेरीत कुलपाखाली राहतो. संग्राहकाचा शिक्का त्याच्या घरच्या मेजावर पडून असतो. त्यातील तारीख पुढेमागे फिरविणे हे बोटाचे काम आहे. त्या खोलीत त्याच्यावर नजर ठेवणारे कोणी नसते. म्हणूनच परवाना हा वरवर पाहता शिक्क्याचा असला, तरी वस्तुतः तो विश्वासाचा असतो. 'हा मनुष्य तारीख खोटी घालणार नाही,' असे सरकारने त्याच्याविषयी मानलेले असते. आपल्या गावाचे नाव पाकिटावर उमटविण्याचा आनंद त्याला मिळतो, तो या विश्वासाच्या मोबदल्यात.

आपल्या देशातही अशा विश्वासाचे एक उदाहरण आहे. पुष्कळ कचेऱ्या आणि कंपन्या तिकिटे न लावता, टपालखात्याच्या परवान्याने, यंत्राने पाकिटावर टपालहशिलाची छाप उमटवितात. त्या छापेतही तारीख असते आणि ती पत्र टाकण्याच्याच दिवसाची असावी लागते. आपल्याकडील तिकीटसंग्राहक मात्र आपली पाकिटे टपाल कचेरीत घेऊन जातात आणि शिक्का जरा जपून मारावा, अशी तेथील कर्मचाऱ्यांना विनंती करतात. मुंबईच्या मोठ्या टपाल कचेरीत तर संग्राहकांसाठी स्वतंत्र विभागच आहे.

यापुढे घरी एखादे पाकीट आले, तर ते फाडण्यापूर्वी त्यावरील शिक्का उजेडात धरून वाचून पाहावा. कोणते गाव, कोणता दिवस, हे त्यावरून कळेल. ज्याने तो मारला, त्याचे नाव तेथे नसते. परंतु त्या अनोळखी हाताने खरी तारीख मारली, म्हणूनच आपण ती निःशंकपणे खरी मानतो.

अभ्यास

१. हेन्री बिशपने तारखेचा शिक्का का सुरू केला?
२. इंग्लंडातील पहिल्या तिकिटाचा रंग पुढे का बदलावा लागला?
३. शिक्का कोरण्यासाठी बुचाचा उपयोग का करीत?
४. परवानाधारक संग्राहक आपली पत्रे रस्त्यावरील पेटीत का टाकीत नाही?
५. 'परवाना हा वरवर पाहता शिक्क्याचा असला, तरी वस्तुतः तो विश्वासाचा असतो.' या वाक्याचा अर्थ उदाहरण देऊन स्पष्ट करा.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : वाकबगार, गल्लत होणे, निःशंकपणे, विसंबून असणे.
७. घरातील जुनी पाकिटे किंवा पोस्टकार्डे मिळवा. त्यांवरील शिक्क्यांतील गावे व तारखा वहीत उतरवून घ्या आणि त्यांतील सर्वांत जुने पत्र कोणते, ते शोधून काढा.