हनुवटीवरचे काळे केस, पांढरे केस

मी खामगावची. कॉलेजात असताना माझ्या हनुवटीवर जाड काळे केस यायला लागले. आत्याची पाळी गेली आणि तिच्या हनुवटीवर राठ पांढरे केस उगवले. मी लेझर केलं, आत्यानं इलेक्ट्रोलिसिस. एकाच घरातल्या दोघींची वाट वेगळी का झाली, हे आपल्या भागातल्या मुलींना आणि त्यांच्या आयांना सांगावं असं मला मनापासून वाटतं. या विषयावर घरात कुणी तोंड उघडत नाही, आणि मुलगी ओढणीआड चेहरा लपवत फिरते.

१. आधी रक्त तपासा.

२०२५च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. आरोग्य विभाग धावला. पाण्याचे, रक्ताचे, केसांचे नमुने घेतले गेले, आयसीएमआरचं पथक गावात आलं. केस जातात तर कारण शोधलंच पाहिजे, हे सगळ्यांना पटलं. मग मुलीच्या ओठावर, हनुवटीवर केस येतात तेव्हा कारण का शोधत नाही आपण? तिला दोरा लावायला पाठवून मोकळे होतो.

अशा केसांमागे बहुतेक वेळा पीसीओडी असतो. पाळी मागेपुढे होते, वजन वाढतं, मुरुमं येतात, मानेची कातडी काळवंडते. अंडाशयात पुरुषी संप्रेरकं जास्त तयार होतात आणि चेहऱ्यावरची कोवळी लव जाड केसांत बदलते. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर आणि गरज असेल तर सोनोग्राफी करून घ्यावी. केस काही महिन्यांतच झपाट्यानं वाढले, आवाज घोगरा झाला किंवा कपाळावरचे केस मागे सरकले, तर एक दिवसही थांबू नये; क्वचित अंडाशयातल्या किंवा अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठीमुळेही असं होतं. चेहऱ्यावर स्टिरॉइडचं मलम लावायची सवय असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं. गोरं होण्याच्या नावाखाली अशी ट्यूब कितीतरी घरांत वापरली जाते.

आतलं कारण तसंच ठेवून वरचे केस जाळले, तर शेजारच्या मुळातून नवे उगवत राहतात. लेझर असो की इलेक्ट्रोलिसिस, या एका गोष्टीपुढे दोन्ही हरतात.

२. केसाचा रंग बघा, अर्धा निर्णय तिथेच होतो.

लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगद्रव्याला धरतो. ते तापतं आणि त्या उष्णतेनं मूळ भाजतं. पांढऱ्या केसात धरायला रंगच नाही, म्हणून तिथे लेझरचा उपयोग होत नाही. तपासून परत येताना आत्या एसटीत मला म्हणाली, "पांढरा केस लेझरले दिसतच नाही म्हन्ते डॉक्टर. मंग मले सुईच बरी." इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

सुईच्या या पद्धतीला, म्हणजे इलेक्ट्रोलिसिसला, रंगाशी घेणंदेणं नाही. पद्धत जुनी आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी डोळ्यात टोचणारे, आत वळलेले पापण्यांचे केस काढण्यासाठी ती वापरली आणि १८७५मध्ये तिच्याविषयी लिहिलं. केसाच्या छिद्रातून बारीक सुई मुळापर्यंत सरकवतात आणि क्षणभर वीज सोडतात. एका प्रकारात या विजेमुळे मुळापाशी कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो मूळ नष्ट करतो, दुसऱ्या प्रकारात उष्णता तेच काम करते, आणि 'ब्लेंड'मध्ये दोन्ही एकत्र असतात.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर लेझर म्हणजे फवारणी आणि इलेक्ट्रोलिसिस म्हणजे निंदण. सोयाबीनचं रान तणानं भरलं असेल तर कुणी एकेक काडी उपटत बसत नाही. चार काड्या उरल्या असतील तर पंपही कुणी पाठीवर घेत नाही.

३. मशीन कोणतं, हे तोंडानं विचारा.

आपली कातडी गव्हाळ, सावळी. तिच्यातही मेलॅनिन असतं, आणि चुकीचा प्रकाश केसाऐवजी कातडीच भाजतो. मग फोड येतात, काळे डाग पडतात आणि ते महिनोन् महिने हटत नाहीत. सावळ्या कातडीसाठी १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर सर्वांत सुरक्षित मानतात, कारण त्याचा प्रकाश वरच्या थरात कमी अडकतो आणि खोल जातो. चांगली थंडावा-यंत्रणा असलेलं ८१० च्या आसपासचं डायोडही जपून वापरता येतं. ७५५चं अलेक्झांड्राइट गोऱ्या कातडीला जास्त मानवतं.

फलकावर 'लेझर' लिहिलेलं असतं आणि आत आयपीएल असतं, असंही होतं. ते लेझर नव्हे. त्यात अनेक लांबींचा प्रकाश एकत्र असतो आणि सावळ्या चेहऱ्यावर धोका वाढतो. त्वचारोगतज्ज्ञाकडेच जा. कानाजवळ छोटी पॅच टेस्ट करून घ्या, काही दिवस थांबून कातडी कशी राहते ते बघा आणि मगच पुढे. डोळ्यांवर चष्मा हवाच. भुवईच्या खाली, पापणीजवळ लेझर करूच देऊ नका; तिथे नजरेला इजा होऊ शकते.

४. गालावरची लव लेझरला देऊ नका.

हे मी सर्वांत कळकळीनं सांगते. हनुवटीचे जाड केस काढताना "गालाचंही करून टाकू, पूर्ण चेहरा पॅकेजमध्ये बसतो" असं सुचवलं जातं. ऐकायला बरं वाटतं. पण बारीक, फिकट लवेत रंग कमी असतो. अशा ठिकाणी लेझरची अर्धवट ऊब मिळाली तर मूळ मरण्याऐवजी जागं होतं आणि लवेच्या जागी जाड केस उगवतात. त्वचाशास्त्रात याची नोंद आहे. चेहऱ्यावर आणि मानेवर, सावळ्या कातडीच्या आणि पीसीओडी असलेल्या स्त्रियांमध्ये ते जास्त दिसतं. म्हणजे ज्या मुलींना चेहऱ्याच्या लेझरची गरज पडते, नेमक्या त्याच. माझ्या डॉक्टरांनी पांढरी पेन्सिल घेऊन जाड केसांचा भाग आखला आणि त्या रेषेबाहेर यंत्र नेलं नाही. माझा विश्वास तिथे बसला.

५. सुई चालवणारा हात बघा.

आत्याच्या वेळी मी शेजारी बसले होते. भिंगाचा दिवा ओढून घेतला, केसाच्या कलानं सुई आत गेली, क्षणभर थांबली आणि बाहेर आली. मग चिमट्यानं केस धरला तर तो ओढ न लागता अलगद हातात आला, मुळाशी ओलसर पांढरट गाठ घेऊन. ही खूण लक्षात ठेवा. केस काढताना ओढ लागली, दुखलं, तर तो नुसता उपटला; मूळ तिथेच आहे. सुई वेडीवाकडी गेली तर खड्डे आणि डाग पडतात. सुई प्रत्येकीसाठी नवी, पाकिटातून समोर फोडलेली हवी. साखर, छातीतला पेसमेकर, जखमेवर गाठीसारखे वण उठायची सवय यांतलं काही असेल तर आधीच सांगावं.

असे सरावलेले हात मोठ्या शहरातही शोधावे लागतात. खामगावहून अकोला तरी जवळ आहे, आणि २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट असल्यानं आत्याचं जाणं-येणं निभलं. लोणार किंवा संग्रामपूरकडच्या मुलीला दर आठवड्याला सुईसाठी जाणं अवघड. लेझरच्या सिटिंग चेहऱ्यासाठी चार ते सहा आठवड्यांनी असतात, साधारण सहा ते आठ लागतात. केस भरपूर आणि काळे असतील तर लांबच्या गावच्या मुलीनं लेझरच निवडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. उरलेल्या चार केसांसाठी सुईकडे नंतर जाता येतं.

६. सगळे केस कायमचे जातील असं कुणी लिहून देत असेल तर उठून या.

अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन लेझरला केस कायमचे कमी करण्याचाच दावा करू देतं. कायमचे काढण्याचा दावा इलेक्ट्रोलिसिसला करता येतो, तोही त्या-त्या मुळापुरता. पीसीओडी असेल तर लेझरनंतरही वर्षातून एखाद-दुसरी सिटिंग लागते. माझीही लागते, आणि त्यात फसवणूक झाली असं मला वाटत नाही. सगळे पैसे आधी भरून पॅकेज घेऊ नये, सिटिंगप्रमाणे द्यावेत.

७. रेझरला घाबरू नका.

लेझरच्या महिनाभर आधीपासून दोरा, वॅक्स, चिमटा बंद. मूळच उपटलं तर प्रकाश पकडणार काय? मधल्या काळात रेझर चालतो. "रेझर लावला की दाढी येते" हे घरोघरी सांगतात, पण रेझर मुळाला हात लावत नाही, केस जाड करत नाही. कापलेलं टोक बोथट असल्यानं तसं वाटतं, इतकंच. सिटिंगनंतर आठवडाभरानं केस वाढल्यासारखे दिसतात, तेही खरं तर बाहेर पडत असतात. उपटू नका.

८. दवाखान्यातल्या बाकावर सगळ्यांना जागा आहे.

तिथे मला एक ट्रान्स स्त्री भेटली. तिच्याकडून कळलं की स्त्री-संप्रेरकांच्या गोळ्यांनी आधीच उगवलेली दाढी जात नाही; तिलाही आधी लेझर आणि मग राहिलेल्या केसांना सुई, हाच मार्ग घ्यावा लागला. तिचे केस दाट, म्हणून सिटिंग जास्त आणि खर्चही. तिच्याशी नीट बोलणाऱ्या डॉक्टरसाठी तिला फार हिंडावं लागलं. हे मला आजही बोचतं.

९. मुहूर्त दिवाळीनंतरचा धरा.

आपल्याकडचा एप्रिल-मे कातडी रापवतो, आणि रापलेल्या कातडीवर लेझर डाग पाडतं. हिवाळ्यात सुरू करावं, रोज सनस्क्रीन, बाहेर स्कार्फ. शेतात कामाला जाणाऱ्या मुलीनं हे डॉक्टरांना मुद्दाम सांगावं. ते लेझरची ताकद कमी ठेवतात, दोन सिटिंग जास्त लागतात. लग्न ठरलं असेल तर हळदीच्या तोंडावर पहिली सिटिंग घेऊ नये, निदान सहा महिने हाताशी हवेत. आणि पुरुषी संप्रेरकांना रोखणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या चालू असतील तर दिवस राहण्याचा विचार करण्याआधी डॉक्टरांना भेटून त्या बंद करून घ्याव्यात. पोटातल्या बाळाला त्या चालत नाहीत.