आधी तेरला, मग पाँपेईला

अगं, टूरचा कागद पाठवलास तो रात्री दोनदा वाचून काढला. सहा दिवस, नेपल्स, पाँपेई, व्हेसुव्हियस, पोझ्झुओली. ठिकाणं चांगली निवडली आहेत. फक्त तिसऱ्या दिवशीच्या एका ओळीवर माझं घोडं अडलं: पाँपेई दोन तास, मग शिंपल्यावर कोरलेल्या दागिन्यांच्या दुकानात एक तास. माझ्या वेळी अगदी हेच झालं होतं. पन्नास जणांचा घोळका, पुढे मिटलेली छत्री उंच धरून चाललेला गाईड, आणि आम्ही मागून धावतोय. ज्या घराच्या उंबऱ्यावर मला घटकाभर टेकायचं होतं ते घर मी चालता चालता पाहिलं, आणि दुकानात मात्र खुर्ची देऊन बसवलं. तेव्हा मी तोंड उघडलं नाही, त्याची रुखरुख अजून जात नाही. म्हणून सांगते, आजच कंपनीला फोन कर. दुकान नको, तो तास पाँपेईत द्या, असं सांग. चार जणी मिळून म्हणालात तर ऐकतात.

कारण ते अख्खं शहर आहे गं. 66 हेक्टरांवर पसरलेलं, आणि त्यातला जवळजवळ एक तृतीयांश भाग अजून उकरलेलाच नाही. रस्त्याच्या दगडांवर गाड्यांच्या चाकोऱ्या पडल्यात. रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड बसवलेत, म्हणजे खालून पाणी आणि घाण वाहिली तरी पाय कोरडे राहावेत. बेकरीत गाढवांनी फिरवायची जाती उभी आहेत. खानावळीच्या ओट्यात मोठाले रांजण पुरलेले दिसतात, त्यात शिजवलेलं अन्न ठेवून विकायचे. एक काम कर, रस्त्याच्या फरशीला खाली वाकून हात लाव. तो व्हेसुव्हियसच्या लाव्हाचा दगड आहे, काळसर राखाडी, वर्दळीने गुळगुळीत झालेला. आपण दोघी ज्या कातळावर वाढलो, ज्यात वेरूळ कोरलं, तोही लाव्हाच, फक्त साडेसहा कोटी वर्षं जुना. मला तो स्पर्श लगेच ओळखीचा वाटला होता. पाऊस पडून गेला की ते दगड फार घसरतात. तेव्हा नव्या चपला नकोत, तुझे ते जुने बूट घेऊन जा.

आता जे सांगते ते जरा मनावर घे. पाँपेईत तुला प्लास्टरची माणसं दाखवतील. इसवी सन 79 मध्ये शहर राखेखाली गेलं, देहांभोवती राख घट्ट झाली, आत देह विरून गेले आणि त्यांच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या. 1863 मध्ये ज्युसेप्पे फिओरेल्ली या उत्खननप्रमुखाने त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतायला सुरुवात केली. वर आलेल्या आकारांत कपड्यांच्या चुण्या दिसतात, चेहरे दिसतात. आत हाडं खरी आहेत. ‘पळून जाणाऱ्यांची बाग’ म्हणतात तिथे तेरा जण आहेत, त्यात मुलंही. आमच्या घोळक्यातल्या लोकांनी त्यांच्यापुढे उभं राहून हसत फोटो काढले, आणि मीही काढला. घरी आल्यावर तो बघवेना, पुसून टाकला. तू मोबाईल पिशवीत ठेव. दोन मिनिटं नुसती उभी राहा.

आणि गाईड जे सांगेल ते सगळं खरं धरू नकोस. मला एका साच्याकडे बोट दाखवून सांगितलं होतं की ही सोन्याचं कडं घातलेली आई, मुलाला अंगाशी धरून गेली. मी रडले होते तेव्हा. 2024 मध्ये डीएनए तपासणीचे निष्कर्ष आले. ती ‘आई’ पुरुष निघाली, आणि त्या मुलाशी त्याचं रक्ताचं नातं नव्हतं. मला फसवल्यासारखं वाटलं नाही, उलट गोष्ट आणखी खोल गेली. आपलं नसलेलं मूल शेवटच्या घटकेला जवळ घेऊन बसलेला तो माणूस कोण असेल, याचा मी अजून विचार करते. तारखेचंही तसंच आहे. जुनी पुस्तकं 24 ऑगस्ट म्हणतात, पण 2018 मध्ये भिंतीवर कोळशाने लिहिलेला मजकूर सापडला, त्यातली तारीख ऑक्टोबरमधली आहे. गाईडने ऑगस्ट म्हटलं तर नम्रपणे विचार. चांगला गाईड असल्या प्रश्नाने खूश होतो, आणि मग पुढचे दोन तास तुझ्याकडे बघून बोलतो.

जमलं तर अर्धा दिवस हर्क्युलेनियमला जा, तुमच्या कागदात ते नाहीच. ते लहान आहे, गर्दी कमी, आणि तिथे जळून कोळसा झालेलं लाकूड टिकलंय: दारं, तुळया, पलंग, अगदी बाळाचा पाळणा. समुद्राकाठच्या कमानींत, जिथे होड्या ठेवत, तिथे सुमारे 300 माणसांचे सांगाडे मिळाले. नेपल्सहून लोकल गाडी जाते, एर्कोलानो स्टेशनला उतरून सरळ खाली चालत जायचं.

व्हेसुव्हियसचं तिकीट वेळ ठरवून आधी काढावं लागतं, कंपनीने काढलंय ना ते विचार. डोंगर 1281 मीटरचा. बस हजार मीटरपर्यंत नेते, पुढे अर्धा तास भुसभुशीत खडीवरून चढ. तुझा गुडघा दुखतो, काठी घे, लाजू नकोस. वर गेल्यावर सगळे विवरात वाकून बघतात. बघच, कडेने अजून वाफा निघतात. पण मग पाठ फिरवून खाली बघ. शेवटचा उद्रेक मार्च 1944 चा, म्हणजे आपल्या आजीच्या हयातीतला. आणि पायथ्याशी, धोक्याच्या पट्ट्यात, सहा-सात लाख लोक राहतात. उतारावर द्राक्षांचे मळे, जर्दाळूच्या बागा, घरांच्या गॅलरीत घोसाने टांगलेले छोटे लाल टोमॅटो, जे हिवाळाभर टिकतात. डोंगराच्या राखेनेच ती जमीन कसदार केली आहे. मी एका मळ्यातल्या बाईंना विचारलं, भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, आमच्या आज्याही इथेच राहिल्या. डोंगरावर लक्ष ठेवणारी वेधशाळा 1841 पासून आहे, ज्वालामुखीची जगातली सर्वांत जुनी. कुठल्या गावाने कुठल्या प्रांतात हलायचं, तेही आधी ठरवून ठेवलंय. तुमच्या टूरमध्ये मळ्यातलं जेवण आहे ना, ते चुकवू नकोस.

जेवणावरून आठवलं. तू शाकाहारी, तर मारिनारा पिझ्झा माग: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीज अजिबात नाही. वांग्याची पार्मिजाना छान लागते, पण तिकडच्या जुन्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, तुला चालत असेल तरच खा. आणि ती पापुद्र्यांची शिंपल्यासारखी सुंदर मिठाई, स्फोल्यातेल्ला, तिच्या पापुद्र्यांत पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी घालतात. मला कोणी सांगितलं नव्हतं. तू विचारून घे.

नेपल्स शहराला मात्र एक अख्खा दिवस द्या. ग्रीकांनी वसवलेलं ते ‘नवं शहर’, अडीच हजार वर्षं झाली, आणि जुन्या भागातल्या गल्ल्या अजून त्यांच्याच आखणीवर सरळ जातात. शहर ज्या पिवळ्या दगडाने बांधलंय तो ज्वालामुखीच्या राखेचाच, ग्रीकांनी जमिनीखालून काढलेला. त्या खाणींमध्ये पुढे पाणी साठवलं, आणि दुसऱ्या महायुद्धात लोक बाँबच्या भीतीने तिथेच लपले. खाली उतर, पण एका ठिकाणी बोळ इतका अरुंद आहे की अंग तिरकं करून जावं लागतं. तुला बंद जागेत घुसमटतं, तेव्हा तिथे मागे थांब, कोणी काही म्हणत नाही.

पोझ्झुओलीत बाजाराच्या जुन्या अवशेषांत तीन उंच संगमरवरी खांब आहेत. जमिनीपासून बऱ्याच उंचीवर त्यांना बारीक भोकं दिसतील. ती समुद्रातल्या शिंपल्यांनी पाडली आहेत. म्हणजे जमीन आधी खचून खांब पाण्यात गेले, मग पुन्हा वर आले. तिथे जमीन श्वास घेतल्यासारखी हलते. 1982 ते 1984 या काळात ती जवळपास पावणेदोन मीटर वर उचलली गेली, आणि बंदरात होड्यांना पाणी उथळ पडू लागलं. हेच ते रोमचं मोठं बंदर, पुतेओली. आपल्याकडचा माल भडोचहून जहाजाने, मान्सूनच्या वाऱ्यावर, तांबडा समुद्र आणि मिसर ओलांडून इकडे उतरायचा. भडोचला तो बैलगाड्यांनी जायचा, पैठणहून आणि तगरहून. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात दोन्ही नावं आहेत, आणि तगरहून पुष्कळ कापड यायचं, हेही त्यात आहे. तगर म्हणजे आपलं तेर. गोरोबाकाकांचं तेर.

आणि म्हणूनच मी इतकी आग्रही आहे. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात हस्तिदंताची एक वीतभर बाई उभी आहे. अंगावर दागिने, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. 1938 मध्ये ती पाँपेईच्या एका घरात मिळाली, त्या घराला आता ‘भारतीय मूर्तीचं घर’ म्हणतात. सगळे तिला पाँपेईची लक्ष्मी म्हणतात, काही जाणकारांना ती यक्षी वाटते. तशाच हस्तिदंती मूर्ती आपल्या भोकरदनला आणि तेरला सापडल्या आहेत. तिला वरून आत भोक आहे, ती आरशाची मूठ असावी किंवा कुठल्या सामानाचा पाय. हात भरून बांगड्या, कमरेला मेखला, अगदी ओळखीची. प्लिनी नावाचा रोमन विद्वान तक्रार करायचा की हिंदुस्थान दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. उद्रेकाच्या दिवशी तो आरमार घेऊन लोकांना सोडवायला गेला आणि किनाऱ्यावर मेला. ही बाई तेव्हा पाँपेईत होती.

तुमच्या कागदात संग्रहालय मंगळवारी घातलंय. मंगळवारी ते बंद असतं! आत्ताच बदलून घे. ती मूर्ती ‘गुप्त दालनात’ ठेवलेली आहे, जिथे उत्तान चित्रं, मूर्ती आहेत. काही गाईड बायकांच्या गटाला तिकडे न्यायला संकोचतात. तू सरळ विचार, लक्ष्मी कुठे आहे? मी तिच्यासमोर उभी होते तेव्हा मला आईची आठवण आली. का, ते मला सांगता येत नाही. आपलं कुणीतरी इतक्या लांब राखेत झोपलं होतं, असं काहीसं.

तेरच्या संग्रहालयात तिची बहीण आहे. छोटंसं गाव, लहानसं संग्रहालय, पण काचेत ती आहे. तू महिन्याभराने निघणार आहेस. येत्या रविवारी मी गाडी घेऊन येते, आईलाही घेऊ. गोरोबाकाकांचं दर्शन घेऊ, मग तिला बघू. दुपारचा डबा मी आणते.